अर्धं पावलेलं गाऱ्हाणं

तारकर्ली,
ता. १८ नोव्हेंबर २०२३

चि. संचितास सुगंधाआतेचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडील सर्व ठीक. तिकडे तू ठीक नसशील हे गृहीत धरून लिहिते आहे. फोन केला नाही, कारण फोनवर मी दोन शब्द खरे बोलले की तुझी रेंज जाते. आमच्या माडांखाली रेंज येत नाही हे मला ठाऊक आहे. पण पणजीतल्या हॉटेलातसुद्धा ती नेमकी माझ्याच बोलण्याला कशी जाते, ते तूच जाणे. पत्राचं तसं नाही. मध्येच ठेवून दिलंस तरी ते टेबलावर पडून बोलत राहतं.

निलेशने त्याच्या मोबाईलवर तुझं गाणं दाखवलं. हे कसलं गाणं म्हणून विचारलं, तर माझे चिरंजीव मोठ्या पंडिताच्या थाटात म्हणाले की आई, ह्याला जाझ म्हणतत. बरं बाबा, जाझ तर जाझ. सुरुवात बरी होती. मग मध्येच तू डुबा डुबा शाबा शाबा असं काहीतरी सुरू केलंस. मी म्हटलं पोरीला उचकी लागली, कुणीतरी पाणी द्या तिला. तर निलेश म्हणतो की तीच खरी कला, तिथे शब्द लागत नाहीत. शब्द लागत नाहीत तर तुला बी.ए. कशाला केलं? आणि समोर बसलेली ती माणसं! सगळी कोळंबी सोलत होती. एकाने मान वर केली असेल तर शपथ. मी बाजारात बांगडे विकते, पण गिऱ्हाईक निदान माझ्या तोंडाकडे बघतं.

शेवटी मी गाण्याचा अर्थ विचारला. निलेश म्हणाला, ताईनेच लिहिलंय. बर्फ पडतोय आणि ती रस्त्याच्या कोपऱ्यावर कुणाची तरी वाट बघतेय. अगो संचिता, तू जन्मात बर्फ बघितलास तो माझ्या माशांच्या पेटीतला. आणि त्या पेटीपाशी कधी कुणाची वाट बघितली असलीस तर तळायच्या सरंग्याची. कुणाला फसवतेस?

सावंतवाडीची कचेरीतली नोकरी सोडलीस तेव्हा मी गप्प बसले. तुझी आई गेल्यावर तुला पदराखाली घेतली, हे मी कधी बोलून दाखवत नाही. म्हणून लिहून दाखवते. आता मी माझा उपाय केला आहे, आणि चोरून केलेला नाही, म्हणून कळवते. परवा देवळात बाबलीकडून देवीला गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाण्याचा मान त्याच्या घराण्याचा, म्हणून तोंड त्याचं; मागणं माझं. सुगंधाच्या भाचीचं गाण्याचं खूळ उतरू दे, ती घरी येऊ दे, आली की सुगंधा तुझी ओटी भरील, असं त्याने देवीसमोर खणखणीत मागितलं आणि जमलेल्या गावाने एका आवाजात ‘व्हय महाराजा’ म्हटलं. बाजारात माझ्या शेजारी बसणारी आणि इतकी वर्षं माझ्याशी न बोलणारी कृष्णाबाई, तीसुद्धा म्हणाली. आता तुझं काही चालायचं नाही.

घर मला खायला उठतं. निलेश दिवसभर पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवत फिरतो. तू ये.

कळावे. तुझा लोभ असेल तेवढा असो, माझ्याकडे पुरून उरेल इतका आहे.

तुझी आते,
सुगंधा

पणजी,
ता. ९ डिसेंबर २०२३

ती. सुगंधाआतेस संचिताचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. टेबलावर पडून बोलत होतं म्हणून पालथं घातलं, तरी थांबेना.

तुझ्या देवीचा पहिला चमत्कार कळवते. हॉटेलात मी फक्त शुक्रवारी गात होते, आता शनिवारही मिळाला. तेव्हा बाबलीला म्हणावं, पत्ता नीट सांग. मागणं भलत्याच घरी पोचलंय. कोळंबीवाल्यांबद्दल मात्र तुझं खरं आहे. त्या लोकांना जाझ म्हणजे जेवताना मागे वाजणारं काहीतरी. पंखा फिरतो तसं. मॅनेजर दर आठवड्याला येऊन सांगतो की काहीतरी ओळखीचं गा. त्याला ओळखीचं म्हणजे वाढदिवसाचं गाणं.

बर्फाबद्दल लिहिलंस ते झोंबलं. फार झोंबलं. आमच्यात आंतोनकाका म्हणून डबल बास वाजवणारे आहेत. ते वाद्य उभं केलं की माझ्या डोक्यावरून जातं आणि आंतोनकाकांची तुच्छता त्याच्याही वरून. जिवंत माणसाचं त्यांना काही आवडत नाही. त्यांना मी तुझं पत्र वाचून दाखवलं. इतके हसले की वाद्याला धरून उभं राहावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाले की ही म्हातारी तुझ्यापेक्षा बरी गाणी लिहिते. सहा वर्षांत त्यांनी केलेली पहिली स्तुती, आणि ती तुझी.

मी बर्फाचं गाणं फाडून टाकलं. त्याच्यासोबत आणखी चार गाणी होती, पावसाळी परदेशातली. तीही गेली. आणि तुझं गाऱ्हाणंच घेतलं. दर कडव्याला मी देवीला विनवते की बाई गो, माझं खूळ उतरव, माझी जीभ आवर, मला कचेरीत बसव, शहाण्यासारखी लग्नाला उभी कर. आणि मागून आंतोनकाका, पियानोवाला आणि ड्रमवाला तिघे मिळून म्हणतात, व्हय महाराजा. गेल्या शनिवारी पहिल्यांदा गायले. पहिल्या कडव्याला कोळंबी चालू होती. दुसऱ्याला कोपऱ्यातल्या एका टेबलाने व्हय म्हटलं. शेवटच्याला सगळं हॉटेल म्हणत होतं, दोन रशियन धरून. मॅनेजरने मला आयुष्यात पहिल्यांदा पाणी विचारलं.

तर आते, तुझे आभार. मला गप्प करायला तू जो गाव गोळा केलास, तो आता माझ्यामागे कोरस म्हणून उभा आहे.

कळावे. लोभ वाढवायची विनंती करणार होते, पण तू वाढवलास की तो देवळापर्यंत जातो. आहे तेवढा पुरे.

तुझी,
संचिता

तारकर्ली,
ता. २२ जानेवारी २०२४

चि. संचितास आशीर्वाद. वि. वि.

देवीच्या दारातलं हॉटेलच्या दारात नेलंस. तुला लाज नाही हे मला आधीच माहीत होतं, पण इतकी नाही हे नवीन कळलं.

करायला गेले काय नि झालं काय! ज्या गावाने तुझं गाणं थांबावं म्हणून व्हय म्हटलं, त्या गावाच्या खिशाखिशात आता तुझं गाणं वाजतं. मी सुरमई कापत असते आणि समोरच्या गिऱ्हाइकाच्या मोबाईलमधून तू ओरडतेस. बाबली आधी फुगला. माझ्या तोंडचा गाऱ्हाणा सुगंधाच्या चेडवान हॉटेलात विकल्यान, म्हणून चार दिवस घुम्यासारखा बसला. पाचव्या दिवसापासून तोच बाबली तिठ्यावर उभा राहून सांगतो की गाण्यातले मूळ शब्द त्याचे. काल मला विचारत होता की गाण्याखाली त्याचं नाव येतं का. मी म्हटलं येतं, इन्सुलीच्या नाक्यावर बोर्डावर लावलंय, जाऊन बघून ये. नाक्यावर हद्द ओलांडणाऱ्या दारूच्या गाड्या अडवतात, भाच्यांना कुणी अडवत नाही, तरी तुला पणजीहून घरी यायला जमत नाही हे जाताजाता लिहून ठेवते.

गाणं चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. वाईट म्हणायला गेले तर जीभ अडते, एवढंच. निलेश नसताना मी ते दोनदा ऐकलं. त्याला सांगू नकोस.

एक मात्र ऐक. शेवटच्या कडव्यात तू वर जाऊन ताणतेस तेव्हा आवाजाला खर येते. ती खर मला चांगली ओळखू येते. माझ्या गळ्यात ती बाजारात ओरडून ओरडून आली आणि कायमची राहिली. मी मासे विकते, मला चालतं. तू गळा विकतेस. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर, थंड पिऊ नकोस आणि त्या मॅनेजरने पाणी विचारलं तर कोमट माग.

कळावे. राग आहे. लोभ त्याच्याखाली आहे, शोधलास तर सापडेल.

आते

मुंबई,
ता. ४ मार्च २०२४

ती. आतेस सा. न. वि. वि.

ओटी भर. तुझी देवी पावली.

इथे मोठ्या संगीत महोत्सवात गायला बोलावलं होतं. तुला मुद्दाम कळवलं नव्हतं. वर्तमानपत्रात फोटो आला की निलेशकडून तुझ्या सुरमईच्या पाटावर ठेवायचा असा माझा बेत होता. सगळी गाणी माझी स्वतःची, आंतोनकाका पणजीहून सोबत आले. तालमीच्या तिसऱ्या दिवशी शेवटच्या कडव्यात आवाज वर गेला आणि तिथेच तुटला. उरली नुसती हवा. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. स्वरतंतूवर गाठ आहे. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. तोवर आणि त्यानंतरही ते सांगेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही. आवाज परत कसा येईल विचारलं, तर म्हणाले की बघू. शिकलेला माणूस ‘बघू’ म्हणतो तेव्हा त्याला काही माहीत नसतं, हे तूच मला शिकवलंस.

महोत्सववाल्यांनी एका संध्याकाळीत माझ्या जागी दुसरी बाई शोधली आणि मला फुलं पाठवली. फुलांसोबत चिठ्ठी होती की विश्रांती घ्या, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. पाठीशी आहेत ते दिसलंच. समोर कुणी नाही. ती बाई बर्फाची गाणी गाते, असं ऐकलं.

आते, मला भीती वाटते. गात नसलेली मी कोण, हे मला माहीत नाही. तू म्हणशील घरी ये, कचेरी आहे, लग्न आहे. तसली मी कुणी नाही. आणि हे कुणाला बोलूनही सांगता येणार नाही, म्हणून तुला लिहिते, आणि तूच ते मागितलं होतंस म्हणून तुझा रागही येतो. दोन्ही खरं आहे.

तू येऊ नकोस. तू आलीस तर भांडावं लागेल आणि मला बोलायला बंदी आहे.

लोभाचं तूच बघ.

संचिता

तारकर्ली,
ता. १३ मार्च २०२४

प्रिय संचिताताईस निलेशचा सा. न. वि. वि.

ऑपरेशन नीट झालं असा आंतोनकाकांचा निरोप मिळाला. बरं वाटलं. आई लिहील तेव्हा तिच्या पद्धतीने लिहील, म्हणजे अर्धं गाळून. म्हणून उरलेलं अर्धं मी लिहितो.

तुझं पत्र तिने बाजारात वाचलं. वाचून झाल्यावर पाटी तशीच ठेवली, माशांवर फडकंसुद्धा टाकलं नाही, आणि तडक देवळात गेली. मी मागून गेलो. बाबलीकाका आणि चारपाच मानकरी बसले होते. आईने सांगितलं की गाऱ्हाणं परत घाल, आणि या वेळी उलट. बाबलीकाका म्हणाले की देवीन तुजा आयकला, आता पयली ओटी भर, मगे काय ता बोल. तर आई भडकली. म्हणाली की मी खूळ उतरूक सांगितलंय, गळो काढूक नाय. चेडू घराक येवक नाय, खूळ होता तसाच आसा, गेलो तो नुसतो गळो. म्हणजे अर्धा काम केल्यान, ता पण चुकीचा. असलो बर्फवालो असतो तर त्याच्याकडसून मी परत बर्फ घेतलो नसतो. ताई, देवीच्या गाभाऱ्यासमोर उभं राहून! एक म्हातारे मानकरी कानावर हात ठेवून उठून गेले. बाबलीकाका म्हणाले की मी काय तुझ्या सांगण्यावरून रोज देवीला शब्द फिरवायला लावणार नाही. मग आई म्हणाली, मी घालते. त्यावर सगळे हसले. बायलमाणसान गाऱ्हाणा घालूचा नसता, असं कुणीतरी म्हटलं. आईने त्या सगळ्यांच्या तोंडांकडे एकदा बघितलं आणि काही न बोलता पायऱ्या उतरली. आई काही न बोलता निघाली तेव्हाच मी घाबरलो.

ती परत बाजारात आली. आपली बर्फाची पेटी उपडी केली, तिच्यावर चढली, देवळाच्या दिशेला हात जोडले आणि सुरू केलं. मला जेवढं आठवतं तेवढं लिहितो.

बा देवी महाराजा! गेल्या वर्सा तुझ्याकडे एक गाऱ्हाणा इला. ता तू आयकलंस, पण अर्ध्यार सोडलंस. तुका सांगणारो पुरुष होतो, म्हणान तुका नीट कळूक नाय असात. आता मी सांगतंय ता आयक. माझ्या भाचीचो गळो तिका परत दी. ती घराक येवंदे नायतर मुंबैक ऱ्हवंदे, गावंदे नायतर गप बसांदे, ता तिचा ती बघतली. तुझा काम गळ्यापुरता. आणि तिच्या आड जो कोण येतलो, त्याच्या जाळ्यात दगड येवंदेत!

बाजारातले कोयते थांबले. गिऱ्हाइकं पिशव्या धरून उभी. आई पेटीवर एकटी, हात जोडलेले, आणि व्हय म्हणायला कुणी नाही. मी तोंड उघडणार एवढ्यात शेजारच्या पाटीवरून कृष्णाबाई उठली. इतक्या वर्षांत आईशी एक शब्द न बोललेली. कंबरेवर हात ठेवून तिने जी आरोळी मारली, व्हय महाराजा, ती किनाऱ्यावरच्या राजकोट किल्ल्यापर्यंत गेली असेल. मग सगळ्या जणी उठल्या. हातात कोयते होते, तशाच. मी पण म्हटलं. सरंग्याचा भाव करत असलेला एक पुण्याचा माणूस, त्यानेही म्हटलं.

नंतर कृष्णाबाई खाली बसली आणि पुन्हा बोलणं बंद. आई घरी येऊन चुलीसमोर बसून रडली. हे मी लिहिलंय असं तिला कळू देऊ नकोस.

बाकी ठीक. लोभ असू द्या, माझ्या वाट्याचा नेहमी तुमच्या दोघींच्या भांडणात सांडतो.

तुझा,
निलेश

तारकर्ली,
ता. १५ मार्च २०२४

चि. संचितास आतेचे आशीर्वाद. वि. वि.

निलेशने तुला सगळं लिहिलं असणार. लिहू नको म्हटलं की तो लिहितो, म्हणून मी म्हटलंच नाही.

देवळातल्या त्या पगड्यांबद्दल लिहून शाई खर्च करत नाही. स्वतःच्या घरात यांचं कुणी ऐकत नाही, म्हणून देवीला ऐकवत बसतात. देवीवर माझा राग नाही. तिला निरोप चुकीचा गेला. मी खूळ म्हटलं, आणि ते खूळ नव्हतं. तुझ्या मागच्या पत्रात तू लिहिलंस की गात नसलेली मी कोण ते मला माहीत नाही, तेव्हा मला ते समजलं. कुणी मला उद्या म्हणालं की सुगंधा, पाटी खाली ठेव, तर मी तरी कोण?

आता कामाचं. गाऱ्हाणं पुरं झालेलं नाही. बाजाराने व्हय म्हटलं, पण जिच्यासाठी घातलं तिचा व्हय राहिला आहे. तो यायला हवा. डॉक्टर तोंड उघडायला सांगतील तेव्हा पहिला शब्द तोच म्हण. त्याच्या आधी नाही. एक दिवस आधी म्हटलास तर मी मुंबईला येऊन तुझ्या तोंडावर फडकं बांधीन. तोवर घरभर चिठ्ठ्या लिहीत फिर. तुझं अक्षर तरी सुधारेल.

मी रात्री नीट झोपत नाही. सोबत सुकी कोळंबी पाठवली आहे. तू तिच्यासमोर गातेस, तर खाऊनही बघ.

कळावे. लोभ मागत नाही, आवाज मागते.

आते

मुंबई,
ता. २ एप्रिल २०२४

ती. आतेस शि. सा. न. वि. वि.

आज तोंड उघडलं.

डॉक्टरांनी सांगितलं की हळू आवाजात नुसतं ‘आ’ म्हणा. मी ‘व्हय महाराजा’ म्हटलं. ते मराठी नव्हेत, त्यांना वाटलं मला ऑपरेशनचं काहीतरी विचारायचं आहे. आंतोनकाका दाराशी उभे होते, त्यांनी टोपी काढली.

आवाज आला, आते. पण माझा नाही आला. खाली, जाडसर, कडेला फाटलेला. डॉक्टर म्हणाले की सुधारेल, पण पूर्वीइतका वर जाईल याची खात्री देत नाही. मला रडू फुटणार होतं, पण रडायलाही अजून बंदी आहे. मग मी परत एकदा म्हटलं, आणि मला वाटलं की हा आवाज मी कुठेतरी ऐकलाय. लहानपणी दुपारी शाळा सुटल्यावर मी बाजारात यायचे तेव्हा उन्हात बसून तू उरलेले बांगडे विकत असायचीस. सकाळपासून ओरडून तुझा गळा बसलेला असायचा, आणि तरी रस्त्याच्या पलीकडच्या माणसाला ऐकू जायचं की बांगडे ताजे आहेत. नसायचे तरी. तोच आवाज आहे. अगदी तोच.

इतकी वर्षं मी तो माझ्या गळ्यातून घासून घासून काढत होते. शिकवणीला जात होते त्यासाठी. आंतोनकाका म्हणाले की कशाला काढत होतीस, हा आवाज शोधत लोक आयुष्य घालवतात. दुसरी स्तुती, आणि तीही तुझीच.

मी गाणार आहे. गाणी सगळी खालच्या पट्टीत बसवून. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की घरी येते, महिनाभर राहते. देवीची ओटी आपण दोघी मिळून भरू, आणि कृष्णाबाईला बोलवायचं. न बोलता का होईना, येऊ दे तिला.

कळावे. लोभ असाच भांडत राहो.

तुझी,
संचिता

तारकर्ली,
ता. ९ एप्रिल २०२४

चि. संचितास आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. बाजारात वाचलं. कृष्णाबाईने माझ्याकडे बघितलं, तेव्हा मी मान हलवली. तिने आपल्या पाटीतला एक सरंगा उचलून माझ्या पाटीत टाकला आणि तोंड फिरवलं.

माझा आवाज मिळाला म्हणतेस. बरं झालं, माझ्याकडे तसाही तो बांगड्यांवर फुकट जात होता. जपून वापर. पण माझी एक पंचाईत करून ठेवलीस, तिचं काय करायचं ते पावसाळ्यात येशील तेव्हा मला समोर बसून सांग. आता तू गायलीस की मी नावं कुणाला ठेवायची?

कळावे. लोभ आहे. या वेळी वर काही लिहीत नाही.

तुझी आते,
सुगंधा